ठोकल्याशिवाय दाबायचं नाही

यातला एक शब्द जरी खरा मानलास ना, तर मी म्हणेन, तू अगदीच भोळी आहेस. आणि सगळं खोटं मानलंस, तर आज घरी गेल्यावर आईला फोन करू नकोस. बघू कोणतं जमतंय ते.

ये, बस. ती खुर्ची नको! तिचा एक पाय मी मुद्दाम सैल ठेवलाय, पाहुण्यांसाठी. पलंगावर बस. कागद मांडीवर राहू दे, खूण मागाहून कर. ठाऊक आहे गं, अजून वरचे दोन मजले चढायचेत. तुमचं ते मेलं यंत्र सकाळपासून पुन्हा बंद पडलंय. पान उघडत नाही, नुसतं गोल गोल फिरतंय. म्हणून तुमच्या खालच्या कचेरीनं तुझ्या हातात कागद दिला आणि म्हणाले, जा, दारोदार फीर, सगळ्या म्हाताऱ्या श्वास घेतायत का बघून ये. बरोबर ना? यंत्र चालू असतं तर तू कशाला आली असतीस? माझी ओळ हिरवी बघून चहा पीत बसली असतीस. आज माझं तोंड बघायला आलीस, म्हणून सांगतेय.

तू नवीन. तुझ्या आधी एक गडी होता. पोट पुढे, तो मागून. मी त्याला धावपळ्या म्हणायची. या इमारतीत आम्ही साठेक जणं, सगळी एकेकटी राहणारी. म्हाताऱ्याच जास्त, पुरुषमंडळी आधीच पळ काढतात. कचेरीनं प्रत्येकीला हा असला कॉम्प्युटर दिला. सकाळी उघडायचा, पान आलं की त्यावर मोठ्ठं बटण. 'मी बरी आहे.' अकराच्या आत दाबायचं. दाबलं की खाली तुमच्याकडे आणि माझ्या पानावरही ओळ हिरवी. नाही दाबलं तर लाल, आणि मग धावपळ्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढत यायचा. हे तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक.

पहिल्याच महिन्यात मी त्याला नऊ वेळा पळवलं. बटण दाबायचंच नाही. जमिनीवर उताणी पडायचं, जीभ बाहेर काढायची. तो धापा टाकत आत यायचा, "आजी! ओ आजी!" आणि गुडघ्यावर बसून नाडी बघायला लागला, की एक डोळा उघडून विचारायचं, "साखर किती घालू?"

शेवटी म्हणाला, "आजी, एक दिवस खरंच पडाल आणि मी सावकाश येईन."

"ये की. तोवर मी कुठे जातेय?"

हसू नकोस. पुढे ऐक.

ही भिंत बघतेस? हिच्यापलीकडे शिट्टी राहायची. पुढच्या दोन दातांत फट होती, बोलताना शीळ निघायची, म्हणून शिट्टी. चाळीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लाइनी जोडायचं काम केलं तिनं. मी इस्पितळाच्या धुलाईघरात. चादरी उकळायच्या, इस्त्री करायच्या, फाटल्या तर रफू. शाळा म्हणशील तर तिसरी, तीही अर्धी. तिचे गुडघे दुखायचे, दिवसातून तीनदा निलगिरीचं तेल चोळायची. जिन्यातून वर येताना वास आला की समजावं, बाई घरात आहेत.

शिट्टीला कॉम्प्युटर नको होता. "चाळीस वर्षं यंत्राशी बोलले," म्हणायची, "आता यंत्रानं मला विचारायचं, बाई बऱ्या आहात का? चल हट." तिनं आपला कॉम्प्युटर कपाटावर टाकला आणि त्यावर टोपली ठेवली. मग आमच्यात ठरलं. तिचंही पान माझ्याच कॉम्प्युटरवर उघडून ठेवायचं. एक माझं, शेजारी तिचं. पासवर्ड काही मला पाठ होत नाही, पण तो ब्राउझर म्हणे लक्षात ठेवतो. ठेव बाबा. सकाळी तिनं भिंतीवर दोनदा ठोकायचं. ठक ठक. म्हणजे 'मी बरी आहे.' की मी तिचं बटण दाबायचं.

आणि नियम तिचा. मान वाकडी करून म्हणाली होती, "ठोकल्याशिवाय दाबायचं नाही हं. पलीकडून आवाज आल्याखेरीज आम्ही लाइन जोडत नसू."

"हो गं बाई, मोठी साहेबीण."

चांगलं वर्षभर चाललं. मध्ये कधीतरी त्या पानावर एक पिवळी पट्टी यायला लागली. ब्राउझर जुना झालाय, धोका आहे, आत्ता बदला. आणि खाली बारीक अक्षरात, 'नंतर'. मागे एकदा बदलला होता तर शिट्टीचं पान गायब, पासवर्ड गायब, धावपळ्याला काय सांगायचं म्हणून दोघी दिवसभर तोंड लपवत होतो. म्हणून मी आपली 'नंतर' दाबायची. रोज 'नंतर'. आठ महिने 'नंतर'.

आता माझा खोडसाळपणा. कोळसा उगाळावा तितका काळा, पण सांगते.

एका सोमवारी तिनं ठोकलं. ठक ठक. आणि मी मुद्दाम दाबलं नाही. मला ठाऊक होतं, अकराला ती आंघोळीला जाते. धावपळ्या किल्ली लावून आत घुसला, बाई न्हाणीत गात होत्या. जी काय किंकाळी फुटली म्हणतेस! खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली. धावपळ्या पायऱ्या तीन तीन करून उतरला. मी इथे या पलंगावर पोट धरून लोळत होते.

ती आली दारात. केस ओले, अंगाला टॉवेल. शीळ नेहमीपेक्षा मोठी.

"हे तू केलंस."

"मी? मी तर विसरले बाई."

"उद्यापासून मी ठोकणार नाही. तू आणि तुझं बटण."

मंगळवारी ठोकलं नाही. मी भिंतीला कान लावला. खुर्ची सरकली, नळ वाजला, निलगिरीचा वास. म्हटलं, रुसलीय. आता हिची ओळ लाल झाली तर पुन्हा धावपळ्या, पुन्हा बोंब, आणि या वेळी ती माझा जीवच घेईल. म्हणून मी दाबून टाकलं. ठोकल्याशिवाय.

बुधवारीही ठोकलं नाही. बुधवारी मी कानही लावला नाही. दाबलं.

गुरुवारी तुमचं यंत्र बंद पडलं.

आजच्यासारखंच. गोल गोल फिरणारं ते चाक, आणि खाली, 'सेवा उपलब्ध नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' मी दहादा प्रयत्न केला. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी. काही काही वेगळं नव्हतं. नुसतं एक चाक फिरत होतं आणि मला घरात धड बसवेना. उठावं, खिडकीशी जावं, परत यावं. चाक फिरतंच आहे.

साडेअकराला धावपळ्या आला. हातात कागद, असाच, साठ नावांचा. माझ्या नावापुढे खूण केली. मग शिट्टीच्या दाराकडे वळला, जुडग्यातली किल्ली शोधायला लागला.

मी म्हटलं, "अरे, कुठे निघालास? सोमवारचं विसरलास का? पुन्हा उघड्या अंगानं धावून येईल अंगावर."

तो थांबला. कान लाल झाले त्याचे. "बघायला तर पाहिजे आजी. आज सगळ्यांना बघायचंय."

"मी सांगते ना, बरी आहे. रुसलीय नुसती. आत्ताच नळ वाजला."

नळ वाजला नव्हता, पोरी.

त्यानं किल्ली खाली सोडली, कागदावर खूण केली आणि वर गेला. त्याला अजून दोन मजले होते. त्याचा दोष नाही. दोष कुणाचा, ते मला कुणी सांगायला नको.

दुपारी, तीन वाजले असतील, मी पडले होते. झोप नव्हती, बेचैनी. आणि भिंतीवर आवाज आला.

ठक... ठक.

हळू. नेहमीपेक्षा खालून. मी ताडकन उठून बसले. इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बया हसली शेवटी. रुसवा गेला. आणि मी काय केलं? आमच्या भाषेत त्याचा एकच अर्थ होता ना... 'मी बरी आहे.' मी उठले, कॉम्प्युटरकडे गेले. चाक फिरतच होतं, यंत्र बंदच होतं. तरी तिच्या पानावरचं ते फिकं पडलेलं बटण मी दाबलं. हसत हसत. आणि भिंतीला तोंड लावून ओरडले, "दाबलं गं! झोप आता!"

पुन्हा आवाज आला. ठक... ठक.

मी म्हटलं, "हो गं, दाबलं म्हटलं ना!"

मग नाही आला.

शुक्रवारी वास नव्हता जिन्यात. मीच धावपळ्याला हाका मारून आणलं. ती भिंतीपाशी होती, जमिनीवर. पाय मोडला होता. डॉक्टरनं सांगितलं, बुधवारी सकाळीच पडल्यात. गुरुवारी चारच्या सुमारास गेल्या. पलंगापासून या भिंतीपर्यंत सरकत यायला तिला दीड दिवस लागला असेल. भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटांच्या पेरांचे डाग होते. दोन-दोन. दोन-दोन. मी मोजले नाहीत.

पाणी पी. तिथे तांब्या आहे. मला नको.

आता तुला वाटेल, म्हातारी रडवायला बसलीय. नाही गं. गोष्ट तर आता सुरू होते.

यंत्र दुरुस्त झालं तेव्हा कचेरीनं बघितलं. गुरुवारी बाकी सगळ्या ओळी कोऱ्या. असायलाच हव्यात, सेवाच बंद होती. फक्त एक ओळ हिरवी. शिट्टीची. वेळ, तीन वाजून बारा मिनिटं.

मोठ्या कचेरीतून एक माणूस आला, चष्मेवाला. मी त्याला भोकंबुजव्या म्हणायची. त्यानं माझा कॉम्प्युटर उघडला आणि कपाळाला हात लावला. "आजी, हा ब्राउझर आठ महिने जुना. याला केवढी भोकं आहेत!"

मी चष्मा लावून बघितलं. "कुठे आहेत? मला तर दिसत नाहीत. रफूचं काम केलंय मी, चादरीतलं टाचणीएवढं भोक सापडायचं मला."

"ही दिसत नसतात. पण यातून बाहेरचं कुणीही आत येऊ शकतं. तुमच्या नावानं बटणं दाबू शकतं. तुम्हाला कळणारही नाही."

"कुणीही म्हणजे कोण?"

"कुणीही म्हणजे... कुणीही, आजी. दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे."

"आणि आत आलेलं बाहेर कसं जातं?"

तो हसला. म्हणाला, ठिगळ लावतो, मग कुणी येणार नाही. त्यानं ब्राउझर बदलला, पासवर्ड बदलले, शिट्टीचं पान कायमचं काढून टाकलं. मी म्हटलं, अरे, आधी झटकून तरी बघ. आम्ही चादर रफू करण्याआधी झटकायचो. आतला विंचू आतच शिवला गेला तर? तो म्हणाला, "आजी, तुम्ही फार गमतीदार आहात."

दोन महिने गेले. पलीकडची खोली बंद, कुलूप. मग एका सकाळी मी या भिंतीवर आरसा टांगायला खिळा ठोकत होते. दोन घाव घातले आणि तिसरा अंगठ्यावर बसला, म्हणून थांबले. बटण दाबायचं राहूनच गेलं. अकरा वाजले, साडेअकरा. धावपळ्या आला नाही. मी कॉम्प्युटर उघडला. तोवर तो मिटलेलाच होता, पोरी, वर इस्त्रीचे कपडे होते. माझी ओळ हिरवी. दहा वाजून दहा मिनिटं.

दोन घाव. ठक ठक.

बसून राहिले मी. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम काहीच केलं नाही. बटण नाही, ठोकणं नाही. अकराला ओळ लाल, धावपळ्या हजर. "काय आजी, जीभ कुठेय आज?" तिसऱ्या दिवशी बटण नाही, पण भिंतीवर दोनदा ठोकलं. मागे कॉम्प्युटरवर टिंग वाजलं, बटण दाबलं की वाजतं तसं. हिरवं.

कळलं ना? मी ठोकायची, आणि पलीकडून कुणीतरी माझं दाबायचं. भोकंबुजव्याला फोन केला. तो म्हणाला, शक्य नाही, सगळी भोकं बुजलीत. दुसरा कॉम्प्युटर पाठवला, कोरा. त्यावरही तेच.

खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, माफ केलं वाटतं सटवीनं. आता ती माझी लाइन जोडतेय. सकाळी उठावं, भिंतीवर ठक ठक करावं, मागे टिंग. मी तिच्याशी बोलायलाही लागले. "काय गं, तिकडे तरी गुडघे बरे आहेत का?" चार महिने मी त्या बटणाला बोट लावलं नाही.

गेल्या महिन्यात धावपळ्या नोकरी सोडून गेला. जाताना माझ्या दारात आला, पण आत नाही आला. शिट्टीच्या दाराकडे बघत राहिला. म्हणाला, "आजी, त्या दिवशी मी किल्ली हातात घेतली होती." मला थट्टासुद्धा सुचली नाही.

आणि त्यानंतर एका सकाळी मला उठायला उशीर झाला. मी अजून पांघरुणात. भिंतीला हातही लावला नव्हता. आणि... टिंग.

दहा वाजून दहा.

मी म्हटलं, "अगं, थांब की. मी ठोकलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. न ठोकता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. मी भिंतीपासून लांब जाऊन बसते, हात मांडीखाली दाबून धरते. टिंग.

तिनंही वाट बघायचं सोडलंय, पोरी. मी सोडलं होतं तसंच.

गेल्या आठवड्यात मी मोरीत पडले. हो, हा बघ, मांडीपर्यंत काळानिळा. सकाळी नऊला पडले. उठता येईना. हाका मारल्या, कुणी ऐकलं नाही. म्हटलं घाबरायचं नाही, अकराला ओळ लाल होईल, कुणीतरी येईलच. आणि दहा वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या खोलीत... टिंग.

संध्याकाळपर्यंत थंड फरशीवर पडून होते. नळ गळत होता, थेंब मोजत होते. आणि न्हाणीत कधी नसतो तो वास, निलगिरीचा, जवळ... अगदी जवळ. कसं उठले, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीला फोन केला. म्हटलं, मी पडले, कुणी आलं नाही. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "पण आजी, तुमचं हिरवं आहे. रोज वेळेवर! छान!" मी म्हटलं, ते मी दाबत नाही. आवाज हसला. म्हणाला, "तुमच्याबद्दल ऐकलंय आजी आम्ही."

तूच होतीस ना ती? असू दे, मान खाली घालू नकोस. नऊ वेळा जीभ काढून पडलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवील? हे धोंडे माझे मीच पायावर पाडून घेतलेत. जिना उतरता येत नाही मला आता. म्हणून बसले होते वाट बघत, की कधी एकदा तुमचं यंत्र बंद पडतंय आणि कधी कुणी खरंखुरं, घामेजलेलं माणूस वर येतंय.

आलीस. आता नीट ऐक. उद्या यंत्र चालू होईल. माझी ओळ लाल दिसली तर सावकाश ये, चहा पिऊन ये. लाल असेल तर समज, ती दमलीय, मी धड आहे. पण हिरवी दिसली, तर धाव. कळलं? हिरवी दिसली की धाव. रोज.

कर आता खूण. दे तो कागद, चष्म्यातून बघू दे मला माझं नाव... ही काय, केलीस की खूण. केव्हा केलीस?

...नाही?

पेन तर तुझ्या केसांत खोचलेलं आहे.

कागद मांडीवरून हलला नाही तुझ्या... मी बघत होते. तूही बघत होतीस. बोट लाव, शाई ओली आहे अजून. बाकीच्या सगळ्या खुणा निळ्या आहेत ना गं? ही कसली...

अं? वास? हो. मलाही येतोय.

पुसू नकोस, पुसून जात नाही ते. कागद घे. वरच्या मजल्यांवरची दारं स्वतः उघडून बघ, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि माझं दार लोटून घेऊ नकोस, उघडंच राहू दे. भिंतीकडे बघू नको, मी ठोकलेलं नाही, माझे हात हे बघ, मांडीवर आहेत.

जा गं. जा आता.